चवथीआधीचं रंगकाम आणि थिनरची बाटली

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, पंधरा दिवसांवर आली की आमच्या कोकणातल्या हार्डवेअरच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. कुणाला गणपतीच्या भिंतीसाठी रंग हवा, कुणाला खिडकीच्या गजांना एनॅमल, कुणाला देव्हाऱ्याला पॉलिश. शेवटी दुकानदार विचारतोच, "थिनर किती देऊ? अर्धा की लिटर?" मग ड्रममधून नरसाळ्याने पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओततो. बाटलीवर अजून मिनरल वॉटरचंच लेबल असतं. आतलं द्रव्य पाण्यासारखंच नितळ.

काही वर्षांपूर्वी मीही अशीच बाटली घरी आणली होती. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो, हे इथे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात त्या शिकवण्याचा काडीचा उपयोग झाला नाही. पाऊस धरून होता. झड आत येऊ नये म्हणून माजघराच्या खिडक्या लावून घेतल्या. देव पाटावर काढून ठेवले, रिकामा देव्हारा मधोमध घेतला आणि मी नि माझा चुलत भाऊ लॅकर, म्हणजे लाकडाचं चकचकीत पॉलिश, मारायला बसलो. तासाभरात भाऊ विनाकारण हसायला लागला. मलाही हसू आवरेना. मग कपाळ ठणकायला लागलं, पोटात ढवळलं, उठायला गेलो तर समोरची भिंत सरकल्यासारखी झाली. आई दारात येऊन ओरडली, "अरे, वास डोक्यात गेलो तुमच्या, भायर येवा आधी!"

खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येऊन दहा मिनिटं बसल्यावर जरा उतरलं. तेव्हा आठवलं की पाटावरच्या देवांपुढे, जमिनीपासून वीतभर उंचीवर, समई तेवत होती. त्या दिवशी घर पेटलं नाही ते केवळ नशीब.

म्हणून हे लिहितो आहे. घरच्या घरी पॉलिश, एनॅमल किंवा रंग मारणाऱ्यांसाठी, आणि रंगारी बोलावून बाजूच्या खोलीत चहा पीत बसणाऱ्यांसाठीही.

बाटलीत असतं काय

थिनर हे एका पदार्थाचं नाव नाही, ते मिश्रण आहे. लाकडाच्या लॅकरसाठी जो एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर मिळतो त्यात बहुधा टोल्युइन हा मोठा भाग असतो, जोडीला झायलीन, अ‍ॅसिटोन, एथिल किंवा ब्युटिल अ‍ॅसिटेट आणि थोडं अल्कोहोल. सुट्या थिनरमध्ये नेमकं काय आणि किती, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. टोल्युइन पेट्रोलच्या घराण्यातलं आहे. दक्षिण अमेरिकेतल्या टोलू नावाच्या झाडाच्या डिंकावरून त्याला नाव पडलं. आज ते बहुतेक पेट्रोलियममधूनच येतं. चपला चिकटवायचा पिवळा गोंद, सनमायका बसवायचं अ‍ॅडहेसिव्ह, काही नेलपॉलिश, काही स्प्रे रंग, या सगळ्यांतून ते आपल्या घरात येत असतं.

एनॅमल पातळ करायला वापरतात ते मिनरल टर्पेंटाइन वेगळं. ते रॉकेलचं भावंड. सावकाश उडतं, पेटायलाही जरा वेळ घेतं. धोका त्यातही आहे, पण दोन बाटल्या समोर ठेवल्या तर मी एनसी थिनरला जास्त घाबरीन.

तिसरी वस्तू म्हणजे जुना रंग काढायचं रिमूव्हर. गजांवर फासलं की पाच-दहा मिनिटांत एनॅमल सुरकुतून फुगतं आणि पत्र्याने खरवडता येतं. यातल्या पुष्कळ डब्यांत मिथिलीन क्लोराइड असतं. शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड होतो, म्हणजे बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्यावर माणसं ज्याने दगावतात तोच वायू. अमेरिकेत घरगुती ग्राहकांना असं रिमूव्हर विकायला २०१९ साली बंदी आली, कारण न्हाणीघरातल्या टबाचा रंग काढताना माणसं मेली होती. माझं म्हणणं सरळ आहे: हे रिमूव्हर घराच्या आत वापरूच नका. गज, दारं, कपाट जे काय असेल ते खळ्यात आणा, किंवा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून ओलं घासा. ओलंच, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणणारा नियम २०१६ साली निघाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. आजोबांच्या काळातल्या दारांवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत, आणि कोरडं घासलं की ती धूळ थेट मुलांच्या हाता-तोंडात जाते.

एक चमचा थिनर आणि एक खोली

वर्गात हे गणित मी आता दर वर्षी फळ्यावर करून दाखवतो.

खोली दहा बाय बाराची, उंची नऊ फूट. आतली हवा झाली सुमारे ३०,६०० लिटर. एक लिटर टोल्युइनचं वजन ८६७ ग्रॅम. ते सगळं उडालं तर साधारण २३० लिटर वाफ होते. थिनर म्हणजे सगळं टोल्युइनच धरलं, तर बंद खोलीत एक लिटर वाळलं की हवेतलं प्रमाण ७,५०० पीपीएम, दहा लाख भागांत साडेसात हजार.

आता तुलनेचे आकडे. अमेरिकेतली नायोश ही कामगारांच्या सुरक्षेवर काम करणारी सरकारी संस्था कामगारांसाठी दिवसभराची सरासरी १०० पीपीएम आणि पंधरा मिनिटांसाठी १५० पीपीएमच्या आत ठेवायला सांगते. ५०० पीपीएमला ती 'जिवाला तात्काळ धोका' या सदरात घालते. शंभर पीपीएम गाठायला आपल्या खोलीत किती थिनर लागेल? तेरा-चौदा मिलिलिटर. एक मोठा चमचा. पाचशेला लागेल सत्तर मिलिलिटर, अर्धा कप चहापेक्षाही कमी. ब्रश धुवायला आपण डब्यात जेवढं ओततो तेवढं.

खरी खोली अगदी बाटलीबंद नसते, हे मान्य. फटी असतात, दार उघडझाप होतं. जुनी कौलारू घरं तर वरून श्वास घेत, नळ्यांच्या फटींतून वारा खेळता असे. आता स्लॅब पडला, अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या, आणि त्या उघडल्या तरी अर्ध्याच उघडतात. वर पावसात त्याही लावलेल्या. आजोबांनी माजघरात बसून रंग लावला आणि काही झालं नाही म्हणजे आपल्यालाही काही होणार नाही, हा हिशोब म्हणूनच चुकतो. घर बदललंय, आणि तेव्हा डब्यात एनसी लॅकर नव्हतं.

ही वाफ हवेच्या तिप्पट जड असते, त्यामुळे सांडलेल्या थिनरची वाफ आधी जमिनीलगत पसरते. उंबऱ्याशी, पलंगाखाली, मोरीत. खाली बसून काम करणारा आणि जमिनीवर रांगणारं पोर यांच्या वाट्याला ती सगळ्यांत आधी येते. टोल्युइनची वाफ हवेत १.१ टक्का झाली की ठिणगी पुरते, आणि त्याला पेट घेण्याइतकी वाफ सोडायला फक्त ४ अंश सेल्सिअस लागतात. कोकणात ४ अंश कधी असतं? म्हणजे आपल्याकडे उघडी बाटली बारा महिने पेट घ्यायला तयार.

नाकावर विसंबू नका

टोल्युइनचा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो. ही चांगली गोष्ट. वाईट गोष्ट अशी की काही मिनिटांत नाक त्याला सरावतं. आमच्याकडे काम करणाऱ्या एका रंगाऱ्याला मी विचारलं, "त्रास होत नाही का हो?" तो म्हणाला, "मास्तरानू, पयल्या दिसाक जरा लागता, मगे वासच येना नाय." वास येईनासा झाला म्हणजे वाफ गेली असं त्याला वाटतं. वाफ तिथेच असते. खात्री करायची तर पाच मिनिटं खळ्यात उभं राहून परत आत यावं, किंवा बाहेरून आलेल्या माणसाला विचारावं. बाहेरचा माणूस नाक दाबत असेल तर त्याचं खरं.

शरीरात काय होतं

श्वासाबरोबर आत गेलेल्या टोल्युइनपैकी जवळपास निम्मं रक्तात उतरतं. ते चरबीत विरघळणारं आहे आणि मेंदूत चरबी भरपूर, म्हणून पहिला परिणाम डोक्यावर. आधी हलकं, गमतीशीर वाटतं, आमच्या त्या हसण्यासारखं. मग डोकेदुखी, भोवळ, मळमळ, डोळ्यांची चुरचुर. त्याहून जास्त झालं तर गुंगी, तोल जाणं, शुद्ध हरपणं. शिडीवर चढलेल्या माणसाच्या बाबतीत 'तोल जाणं' हे दोन शब्द वेगळ्याच वजनाचे असतात.

यकृत त्याचं हिप्युरिक आम्ल करून लघवीवाटे बाहेर टाकतं. एखाद्या दिवसाचा डोस बहुतांशी दुसऱ्या दिवसापर्यंत निघून जातो. म्हणून वर्षातून एकदा देव्हारा रंगवणाऱ्याने घाबरून जाऊ नये. पण पोटात दारू असेल तर हे काम मंदावतं आणि गुंगीत भर पडते. दिवसभर पॉलिश आणि संध्याकाळी 'अंग दुखतंय म्हणून थोडी' ही जोडी रंगाऱ्यांत फार दिसते. त्यांना कुणी हे सांगत नाही.

वर्षानुवर्षं रोज वास घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. विसरभोळेपणा, लक्ष न लागणं, चिडचिड, हात थरथरणं, रंगांतले बारीक फरक न कळणं. सोबत ग्राइंडर-कटरचा गोंगाट असेल तर ऐकू कमी येणंही. डेन्मार्क-स्वीडनकडे १९७०च्या दशकात रंगाऱ्यांच्या मेंदूवरच्या अशा परिणामांची नोंद होऊ लागली आणि तिथे पाण्यातल्या रंगांकडे वळण्याचं ते एक मोठं कारण ठरलं. कर्करोगाबद्दल लोक हमखास विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने एकट्या टोल्युइनला कर्करोगकारक ठरवलेलं नाही, पुरावा अपुरा म्हणून गट ३ मध्ये ठेवलंय. मात्र रंगाऱ्याचा व्यवसाय तिने गट १ मध्ये, म्हणजे खात्रीने कर्करोगाशी जोडलेल्यांत टाकला आहे. एका बाटलीचा दोष नाही तो. धूळ, रंगद्रव्यं, द्रावकं, सगळ्यांची ती आयुष्यभराची बेरीज.

गरोदर बाई, तान्हं मूल, दमेकरी आणि हृदयविकाराची व्यक्ती यांच्याबाबतीत मी तडजोड करत नाही. थिनरचं काम असेल त्या घरात त्यांनी त्या दिवसांत राहू नये. चवथीला मुंबईहून चाकरमानी येतात, त्यात पहिलटकरीण सून असते, आणि तिच्यासाठीच म्हणून खोली घाईघाईने रंगवून ठेवलेली असते. हे दर वर्षी कुठे ना कुठे घडतं.

एक गोष्ट पालकांसाठी. मुद्दाम थिनर हुंगण्याची सवय शाळकरी मुलांना लागते. त्यात हृदयाचे ठोके एकाएकी बिघडून पहिल्याच वेळीही मरण येऊ शकतं. २०१२ साली केंद्र सरकारने व्हाइटनरचं बाटलीबंद थिनर विकायला बंदी घातली ती यामुळेच. रंगकामाचं थिनर मात्र हार्डवेअरमध्ये मिळतंच. उरलेली बाटली कपाटाखाली टाकताना हे लक्षात असू द्या.

आता कामाला लागू

सगळ्यांत आधी काम कधी करायचं ते ठरवा. हे मी पहिल्या नंबरवर ठेवतो, कारण याने निम्मा प्रश्न सुटतो. थिनर आणि टर्पेंटाइनचं काम शिमगा आटोपला की वैशाखाच्या अखेरीपर्यंत उरका. तेव्हा वारा असतो, लाकूड कोरडं असतं, सगळं खळ्यात बाहेर काढता येतं. शिवाय पावसाळी दमट हवेत एनसी लॅकर पांढरट पडतं. द्रावक भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं, आणि देव्हारा धुकं पडल्यासारखा दिसतो. मग तो साफ करायला आणखी थिनर. म्हणजे पैशाचंही नुकसान. चवथीसाठी राखून ठेवायचं ते पाण्यातलं काम: चुना, डिस्टेंपर, प्लॅस्टिक इमल्शन, गणपतीची भिंत.

दुकानात गेल्यावर आधी विचारा, "पाण्यातला एनॅमल आहे का? लाकडासाठी पाण्यातलं पॉलिश?" मिळतं. थोडं महाग पडतं, चमक किंचित कमी वाटते. ब्रश नळाखाली धुता येतो, घरभर वास नाही. माझ्या मते खिडक्यांच्या गजांसाठी आणि आतल्या दारांसाठी हेच घ्यावं. खाऱ्या वाऱ्यात गंजणाऱ्या बाहेरच्या लोखंडी गेटला तेलातला प्राइमर हवा असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही. गेट बाहेरच असतं. टू-पॅक पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचं पॉलियुरेथेन पॉलिश, मात्र घरी कधीच नको. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा जडू शकतो. ते काम सुताराच्या शेडमध्ये, नीट मास्क घालणाऱ्या माणसाकडून करून घ्या.

थिनर घ्यायचंच झालं तर सीलबंद, लेबल असलेला डबा घ्या. सुटं नको, आणि पाण्याच्या किंवा कोकम सरबताच्या बाटलीत तर मुळीच नको. लागेल तेवढंच घ्या. लिटर घेतलं की उरतं, आणि उरलेलं कुणीतरी कुठेतरी ठेवून देतं.

जागा. हलवता येतं ते सगळं खळ्यात किंवा वाऱ्याच्या पडवीत न्यायचं. हलवता येत नसेल, समजा भिंतीतलं कपाट आहे, तर ती खोली आधी रिकामी करा. धान्य, अंथरुणं, कपडे वास धरून ठेवतात. देव दुसऱ्या खोलीत न्या आणि समई तिथेच लावा. गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, विडी, काही नाही. फ्रिज त्याच खोलीत असेल तर प्लग काढून ठेवा, त्याचा थर्मोस्टॅट आपला आपण चालू-बंद होताना ठिणगी टाकू शकतो. इन्व्हर्टरचंही तेच. आमच्याकडे लाइट दिवसातून दहा वेळा जाते, आणि प्रत्येक वेळी इन्व्हर्टर खट्कन आवाज करतो.

वारा कसा खेळवायचा याबद्दल लोकांचा घोळ होतो. नुसता सीलिंग फॅन लावला तर तीच हवा घुसळली जाते, बाहेर काही जात नाही. समोरासमोरची दोन तोंडं उघडी हवीत, एक दार आणि एक खिडकी. टेबलफॅन दाराशी, ताजी हवा येते त्या बाजूला ठेवा, तोंड खिडकीकडे. तुम्ही मध्ये, पाठ पंख्याकडे, रंगवायची वस्तू तुमच्या आणि खिडकीच्या मध्ये. म्हणजे वाफ तुमच्या तोंडावरून न जाता पुढे निघून जाते, आणि पंख्याच्या मोटारीपर्यंतही पोचत नाही. खिडकीत पंखा उलटा लावून वाफ बाहेर ओढायची युक्ती पुष्कळ जण सांगतात. साध्या पंख्याने थिनरची वाफ ओढू नका, ठिणगीचा धोका आहे. पंखा डबा उघडण्याआधी चालू करायचा आणि काम संपून झाकणं लागेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. खिडकीतून पाऊस येत असेल तर ती लावायची नाही, काम थांबवायचं. याला पर्याय नाही.

तोंडाला रुमाल, साधा कापडी मास्क, एन-९५, यांपैकी कशानेही वाफ अडत नाही. ते धुळीसाठी. वाफेसाठी रबरी मुखवट्याला बसणारं ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज लागतं, आत सक्रिय कोळसा असलेलं. रोज काम करणाऱ्या रंगाऱ्याने ते घ्यावंच. दाढी वाढलेली असेल तर मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसत नाही. कार्ट्रिजला आयुष्य असतं. मुखवट्यातून वास यायला लागला की ते संपलं. काम झाल्यावर हवाबंद पिशवीत ठेवलं नाही तर खुंटीवर लटकल्या लटकल्या संपतं.

हात. काम संपल्यावर थिनरने हात चोळून धुणं ही रंगाऱ्यांची जुनी खोड. त्याने कातडीतलं तेल निघून जातं, भेगा पडतात, आणि त्या भेगांतून पुढच्या वेळी जास्त आत शिरतं. आपल्याकडे याचं उत्तर फडताळात आहे. ओल्या एनॅमलवर खोबरेल चोळा, दोन मिनिटं थांबा, जुन्या फडक्याने पुसा, मग साबण-पाणी. निघतं. भांडी घासायचे रबरी मोजे थिनरमध्ये मऊ पडून फुगतात, त्यांच्यावर भरवसा नको. नायट्राइलचे मोजे टर्पेंटाइनला चांगले टिकतात, एनसी थिनरला मात्र थोडाच वेळ. भिजले की बदला. डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटं धरा, घड्याळ लावून.

तासभर काम केलं की पंधरा मिनिटं खळ्यात. डोकं जड झालं, उगाच हसू आलं, जिभेला गोडसर चव वाटली, तर त्या क्षणी झाकण लावा आणि बाहेर पडा. 'एवढा हात मारून येतो' नको.

काम झाल्यावर

लॅकर हाताला कोरडं लागलं म्हणजे वाफ संपली असं नसतं. एनॅमल तर कित्येक दिवस थोडं थोडं सोडत राहतं. त्या खोलीत निदान तीन रात्री कुणी झोपू नये, दिवसा खिडक्या उघड्या. बाळंतीण आणि बाळ असेल तर पंधरवडा. कापूर जाळून किंवा धूप घालून वास 'मारायचा' प्रयत्न करू नका. वासावर वास चढतो, वाफ कमी होत नाही, आणि विस्तव आत येतो तो वेगळाच.

ब्रश धुतलेलं थिनर परसात माडाच्या मुळाशी ओतायची आपली रीत. जांभा दगड सच्छिद्र आहे, पाणी जसं झिरपतं तसं हेही झिरपतं, आणि विहीर बहुतेक घरांत दहा-पंधरा पावलांवर. हे ओतूच नका. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवून द्या. दोन दिवसांत रंग तळाशी बसतो, वरचं नितळ थिनर पुढच्या वेळी ब्रश धुवायला चालतं. तळातला गाळ उघड्यावर, पोरं-गुरं जाणार नाहीत अशा ठिकाणी वाळवून मग कचऱ्यात.

फडकी बंबात घालायची नाहीत. पाणी तापवायच्या बंबात थिनरचं फडकं टाकल्यावर ज्वाळ तोंडावर येते. वाऱ्यावर पसरून वाळू द्या. जवसाचं तेल लावलेली फडकी असतील तर त्यांचा बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. ते तेल हवेत वाळताना उष्णता सोडतं, आणि बोळ्याच्या पोटात ती साठून फडकं काडीशिवाय पेटतं. ऐकायला भुताटकीसारखं वाटतं, पण साधं रसायनशास्त्र आहे. पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

थिनर पेटलंच तर पाणी मारू नका. ते पाण्यावर तरंगत पसरतं. आग लहान असेल तर वाळू, माती किंवा डब्यावर झाकण. मोठी असेल तर माणसं बाहेर काढा आणि १०१ लावा.

होडीचा खण

रापण आणि ट्रॉलरवाल्या भावांसाठी चार ओळी जास्त. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, आणि नारळी पुनवेच्या आत रंग, फायबर, डागडुजी सगळं उरकायचं असतं. वर ताडपत्री ताणलेली. डेकवर रंग मारणं ठीक. पण बर्फाच्या खणात किंवा इंजिनाच्या खोलीत उतरून रंग किंवा फायबरचं रेझिन लावणं म्हणजे विहिरीच्या तळाशी बसून काम करणं. रेझिनमधलं स्टायरीनही असंच जड आणि गुंगी आणणारं. वाफ खाली बसते, वर यायला वाट एकच, आणि तुम्हाला कळायच्या आत पाय लटपटतात.

उतरण्याआधी ताडपत्री पूर्ण काढा. नळीने ताजी हवा खणाच्या तळापर्यंत सोडा, तोंडाशी नव्हे. वर एक माणूस सतत हवा, ज्याचं काम फक्त खाली बघत राहणं आणि बोलत राहणं आहे. मोबाइल बघणारा नको. खाली उतरलेल्याच्या कमरेला दोर. आणि तो कोसळला तर वरच्याने उडी मारायची नाही. दोराने ओढायचं. बंद जागेत एकामागोमाग एक जीव जातात ते वाचवायला उतरणाऱ्यांचे.

कुणी प्यायलंच तर

पाण्याच्या बाटलीतलं थिनर किंवा टर्पेंटाइन मूल प्यायलं, तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायची नाही. बोट घालायचं नाही. दूध, तूप, तेलही नको. हे द्रव्य पोटापेक्षा फुप्फुसात जास्त घातक, आणि ओकताना ते हमखास श्वासनळीत उतरतं. तोंड पुसा, चूळ भरता येत असेल तर भरायला लावा, भिजलेले कपडे काढा, आणि बाटलीसकट दवाखान्यात चला. १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधलं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर बोलतं, डॉक्टरांनाही सल्ला देतं. पोर खेळतंय, हसतंय म्हणून घरी ठेवू नका. खोकला, धाप, ताप काही तासांनी सुरू होऊ शकतो, म्हणून निदान सहा तास डॉक्टरांच्या नजरेखाली राहू द्या.

वाफेने कुणी बेशुद्ध पडलं तर श्वास रोखून, दारं उघडत आत जा, ओढून बाहेर आणा, एका कुशीवर झोपवा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणं सुरू करा. शुद्धीवर आल्यावर लगेच चालायला, धावायला लावू नका. हृदय त्या वेळी नाजूक असतं. डॉक्टरांकडे गेलात की 'चक्कर आली' एवढंच सांगू नका. थिनर होतं, किती वेळ होतं, खिडक्या बंद होत्या, हे सांगा.

आमचा देव्हारा गेल्या चैत्रात पुन्हा पॉलिश केला. खळ्यात, आंब्याखाली, सकाळच्या वाऱ्यात, पाण्यातल्या पॉलिशने. भाऊ मदतीला आला होता. म्हणाला, "ह्या वेळी हसूच येत नाय रे." जुनं पाव बाटली थिनर अजून आहे. पत्र्याच्या डब्यात ओतलंय, वर मार्करने मोठ्या अक्षरांत नाव लिहिलंय, आणि ते घरात नाही, मागच्या मांगरात वाशाला उंच टांगलंय.